जुन्या डोझरचा क्लच ॲडजस्ट करताना: टिपरवरून आलेल्यांसाठी

गोव्यातल्या सांखळी, डिचोली, सांगे, कुडचडे या खाणपट्ट्यात आजही एखाद्या गॅरेजच्या मागे, काजूच्या झाडाखाली, एखादा जुना चेन डोझर उभा दिसतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मधल्या काळात थोड्या हलल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा ठप्प झाल्या. खाणीवरची काही मशिनं यार्डात गंजत राहिली, काही विकली गेली. त्यांतलीच एखादी आता काजूची बागायत साफ करायला, जमीन सपाट करायला, नाही तर मातीचा बांध ओढायला लागते. (डोंगर कापायचा असेल तर आधी नगरनियोजन खात्याची परवानगी आणि मगच डोझर, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

अशा मशिनावर हात टाकणारे बहुतेक जण टिपरवर शिकलेले असतात. गिअर, इंजिन, डिझेलची लाइन, यांत त्यांचं काही अडत नाही. अडतं ते क्लचपाशी. टिपरच्या क्लचचा हिशेब डोझरच्या मुख्य क्लचला लावला की सगळं उलटं होतं आणि महिन्याभरात प्लेट जळते. त्यातून गंमत अशी की त्याच डोझरच्या मागच्या बाजूला आणखी दोन क्लच असतात, स्टिअरिंगचे, आणि त्यांना मात्र टिपरचाच हिशेब लागू पडतो. एकाच मशिनात दोन उलट स्वभाव आहेत. हा फरक डोक्यात नीट बसला की बाकी काम पाना फिरवण्याचंच आहे.

आधी मशीन ओळखा

प्रत्येक डोझरला असा क्लच असतोच असं नाही. डी १५५ सारख्या मोठ्या मशिनात टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलातून ताकद पुढे देणारा जोड. तिथे हा लेख बाजूला ठेवा. आपण बोलतोय ते थेट गिअरच्या मशिनाबद्दल, ज्यात सीटजवळ एक लांब हातलिव्हर असतो आणि तो एका बाजूला नेला की इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला मिळते, दुसऱ्या बाजूला नेला की सुटते. कॅटरपिलरचे जुने डी २, डी ४, डी ६ असे आहेत. बीईएमएल या भारतीय कंपनीने जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात बनवलेल्या जुन्या डोझरांतही थेट क्लचची मॉडेलं आहेत.

मशिनाच्या अंगावरची नंबरप्लेट शोधा. ती बहुतेक वेळा रंगाच्या चार थरांखाली असते. तारेच्या ब्रशने हळू घासा, ग्राइंडर लावू नका. कॅटरपिलरच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं महत्त्वाची असतात. ७यू ने सुरू होणारा नंबर म्हणजे १९४७ ते १९५९ मधला डी ४, आणि ९यू म्हणजे त्याच काळातला रुंद डी ६. पुस्तिका मागवताना आणि स्पेअर विचारताना हाच नंबर द्यायचा. ‘जुना पिवळा डी सिक्स आहे’ एवढ्यावर दुकानदार जे देईल ते बसेलच याची खात्री नाही.

दुसरी ओळख: क्लच कोरडा आहे की तेलातला. क्लचच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी खोळीवर, तेल भरायची टोपी आणि मापाची काडी असेल तर तो तेलातला. काही नसेल आणि खाली फक्त एक छोटं भोक असेल तर कोरडा. ते भोक का ठेवलंय, ते पुढे येईलच.

हा क्लच धरतो कसा

टिपरमध्ये प्रेशर प्लेटला स्प्रिंगा असतात. तुम्ही काही केलं नाही तर स्प्रिंगा क्लच धरून ठेवतात. पेडल दाबलं की सुटतो. डोझरच्या मुख्य क्लचला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा नसतात. लिव्हर ओढला की एक कॉलर शाफ्टवर सरकते, तिला जोडलेल्या छोट्या कड्या आणि बोटं प्रेशर प्लेटला दाबतात, आणि दाब सगळ्यात जास्त होतो तो बिंदू ओलांडून त्या कड्या किंचित पलीकडे जाऊन बसतात. जुन्या लोखंडी ट्रंकेची कडी आठवा: अर्ध्यापर्यंत दाबावी लागते, मग स्वतःच ‘खट्’ करून बसते आणि आपोआप उघडत नाही. क्लचमध्ये हेच घडतं. एकदा बिंदू ओलांडला की हात सोडला तरी चालतो, आणि कॉलरच्या बेअरिंगवर ताण राहत नाही.

यावरून सगळं निघतं. प्लेट झिजली की कड्यांना दाबायला कमी मिळतं, म्हणून लिव्हर हलका होत जातो. हाताला बरं वाटतं, पण तोच धोक्याचा इशारा आहे. टिपरवाल्याला हलका पेडल म्हणजे चांगला क्लच वाटतो, आणि तिथेच तो फसतो. डोझरच्या मुख्य क्लचमध्ये ‘फ्री प्ले’, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, शोधायचा नसतो. मोजायचा असतो तो खटका: किती जोर लागतो आणि शेवटी तो स्पष्ट बसतो की नाही.

उलट बाजूही आहे. हा दाब कमी-जास्त करायला कड्यांमागे आट्यांची एक रिंग असते. ती गरजेपेक्षा जास्त आवळली तर कड्या बिंदू ओलांडूच शकत नाहीत. लिव्हर शेवटपर्यंत जात नाही, ऑपरेटर जोर लावून धरून बसतो किंवा लिव्हर काम चालू असताना मागे उडतो. मग कॉलरचं बेअरिंग सतत ताणाखाली फिरतं, तापतं आणि जातं. म्हणजे सैल ठेवला तर प्लेट जळते, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. मधली जागा हाताने ओळखायची.

दुखणं क्लचचंच आहे का

पाना उचलण्याआधी हे बघून घ्या, कारण निम्मी दुखणी क्लचच्या बाहेरच असतात.

लिव्हरची खाच आधी साफ करा. आपल्याकडच्या लाल मातीत पावसाळ्यानंतर फ्लोअरप्लेटखाली चिखल साठून वीट होते. लिव्हर पूर्ण पुढे-मागे जायच्या आत त्या विटेला टेकतो आणि लोक म्हणतात, क्लच लागत नाही. फ्लोअरप्लेट काढा, खरवडा, पाण्याने धुऊ नका.

मग लिव्हरपासून क्लचपर्यंतचा रस्ता बघा. एकाने लिव्हर हळू हलवायचा आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडाकडे बघायचं. पिना आणि बुश झिजले असतील तर लिव्हरची पहिली काही हालचाल नुसती वाया जाते. कॉलर नंतर सरकायला लागते. असा झिजलेला रस्ता असताना रिंग आवळली तर खटका खोटा मिळतो. पिना स्वस्त आहेत. आधी त्या बदला.

आता लक्षणं. चढावर किंवा ब्लेडपुढे माती भरल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण मशीन मंदावतं, आणि जळका वास येतो: क्लच घसरतोय. लिव्हर नेहमीपेक्षा सहज जातो आणि खटका जाणवत नाही: रिंग आवळायची वेळ आली. लिव्हर अडतो, जागेवर बसत नाही: जास्त आवळलाय. क्लच सोडल्यावरही गिअर टाकताना दात करकरतात: हे बहुतेक वेळा क्लचचं नाही, क्लच ब्रेकचं आहे, त्याच्याकडे वळूच.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. ॲडजस्ट करून दोन दिवसांत पुन्हा घसरायला लागला तर झीज एवढ्या वेगाने होत नसते. प्लेटवर तेल गेलंय. कितीही आवळा, तेलकट प्लेट धरणार नाही, आणि आवळत राहिलात तर बेअरिंगही घालवाल.

मशीन बांधून घ्या

सपाट जागा, ब्लेड जमिनीला टेकलेलं, गिअर न्यूट्रल, ब्रेक लॉक, चेनच्या पुढे-मागे लाकडी ओंडके. इंजिन बंद, डिझेल बंद, बॅटरीची वायर काढलेली. काही जुन्या मशिनांना मोठं इंजिन चालू करायला छोटं पेट्रोल इंजिन असतं; त्याचंही पेट्रोल बंद करा आणि ते चालू होणार नाही अशी व्यवस्था करा. क्लचच्या घरात हात असताना कुणी हौसेने स्टार्टरला हात लावला तर बोटं जातात. किल्ली तुमच्या खिशात असली पाहिजे, हेल्परच्या नाही. इंजिन निवू द्या; घसरलेल्या क्लचच्या प्लेटा फार तापलेल्या असतात.

अजून एक गोष्ट, जी गॅरेजात कुणी मनावर घेत नाही. जुन्या प्लेटांच्या लायनिंगमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. झाकण उघडल्याबरोबर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची सवय सोडा. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. ही धूळ वर्षानुवर्षांनी फुप्फुसात त्रास देते, तेव्हा त्या दिवशीचं काम कुणाला आठवतही नाही.

हत्यारं थोडीच लागतात: बरोबर मापाचे पाने, एक मजबूत स्क्रूड्रायव्हर किंवा छोटी पहार, टॉर्च, आणि एक स्प्रिंगचा वजनकाटा, बाजारात मासे तोलायला हुकाचा असतो तसा, जरा जास्त वजनाचा. अमेरिकन मशिनांचे नट इंचात असतात. साधारण बसतोय म्हणून मिलिमीटरचा पाना घातलात तर नटाचे कोपरे जातील, आणि पुढच्या वेळी छिन्नी घ्यावी लागेल.

रिंग फिरवणे

सीटपुढची फ्लोअरप्लेट काढली की क्लचच्या घरावरचं झाकण दिसतं. बोल्ट काढण्याआधी भोवतालची माती पुसून घ्या; झाकण उघडताना खडा आत पडला तर तो काढायला अर्धा दिवस जातो. तेलातला क्लच असेल तर फडकं आणखी स्वच्छ हवं.

लिव्हर ‘सुटलेल्या’ बाजूला ठेवा. आत बघितलंत तर शाफ्टवर कॉलर दिसेल, तिच्या कड्या, आणि त्यांच्यामागे आट्यांची मोठी रिंग. या रिंगला लॉक असतो. काही मशिनांत स्प्रिंगची पिन असते, जी रिंगच्या भोकांतून एकेक घर (म्हणजे एकेक भोक) पुढे जाते. काहींत रिंग कापलेली असते आणि एका बोल्टने आवळून धरलेली असते. तुमच्या मशिनात कुठली आहे ते बघा; पुस्तिका हाताशी असेल तर चित्राशी ताडून घ्या.

लॉक झाकणाच्या तोंडाशी नसेल, तो कधीच नसतो, तर त्याला वर आणायचं. बहुतेक मशिनांत हा सगळा संच गिअरबॉक्सच्या बाजूच्या शाफ्टवर असतो. म्हणून क्लच सुटलेला आणि गिअर न्यूट्रल असताना तो हाताने किंवा छोट्या पहारीने फिरवता येतो. लॉक समोर आला की एक गिअर टाका. गिअर का टाकायचा? नाही तर रिंग फिरवायला जाल तेव्हा रिंगबरोबर सगळा शाफ्टच गोल फिरेल आणि तुम्ही काहीच ॲडजस्ट करत नसाल. पहिल्यांदा काम करणाऱ्याचा इथे खूप वेळ जातो.

आता पिन उचला, किंवा बोल्ट सैल करा. बोल्ट पूर्ण काढू नका, फक्त रिंग मोकळी होईल इतका सोडा. रिंगवर खडूने एक खूण करा आणि तिच्या समोर क्लचच्या घरावर दुसरी. कुठून सुरुवात केली हे कळलं पाहिजे, म्हणजे वाटलं तर परत मूळ जागी येता येतं. खूण न करता फिरवणारा माणूस शेवटी अंदाजाने काम करतो.

फिरवायची दिशा: बहुतेक मशिनांत मागून, म्हणजे सीटकडून बघताना, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की आवळतं. पण यावर विसंबून राहायची गरज नाही. एक घर फिरवा, पिन बसवा, गिअर न्यूट्रल करा आणि लिव्हर लावून बघा. आधीपेक्षा जड झाला तर दिशा बरोबर. हलका झाला तर उलट.

एका वेळी एकच घर. हे मी तीनदा सांगितलं तरी नवा माणूस तीन घरं एकदम फिरवतो, लिव्हर अडतो, मग दोन घरं मागे येतो, आणि शेवटी आपण नक्की कुठे आहोत हे त्यालाच कळत नाही. बोल्टची रिंग असेल तर घरं नसतात. तिथे खडूच्या खुणेपासून बोटभर अंतर धरून चाला, आणि प्रत्येक वेळी लिव्हर लावून बघण्याआधी बोल्ट आवळा. सैल रिंगवरचा खटका खरा नसतो.

थांबायचं कधी? लिव्हर ओढताना जोर हळूहळू वाढत गेला पाहिजे, शेवटी एका जागी सगळ्यात जास्त झाला पाहिजे, आणि त्याच्या पलीकडे स्पष्ट खटक्याने बसला पाहिजे. एका माणसाने, बसल्या जागेवरून, अंगाचा थोडा जोर लावून तो लागला पाहिजे. दोन्ही पाय रोवून, उठून ओढावा लागला तर जास्त झालं. पुस्तिकेत लिव्हरच्या टोकाशी किती ओढ हवी याचा आकडा असतो, बहुतेक पाउंडात, २.२ ने भागा म्हणजे किलो मिळतील. वजनकाट्याचा हुक लिव्हरच्या मुठीत अडकवा, लिव्हरशी काटकोनात ओढा, आणि खटका बसण्याआधी काटा जास्तीत जास्त किती दाखवतो ते वाचा. दोन-तीनदा ओढून बघा. हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या डी ६ चा आकडा तुमच्या डी ४ ला लावू नका. पुस्तिका मिळेपर्यंत हाताच्या अंदाजावर काम चालतं. फक्त मिळालेला आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुमचंच मशीन तुम्हाला माप देईल.

समाधान झालं की लॉक पक्का करा. पिन भोकात पूर्ण उतरली आहे का ते बोटाने चाचपा, नुसतं बघून नव्हे. अर्धवट बसलेली पिन काम चालू असताना उडते, रिंग स्वतःच सैल होते आणि तुकडे घरात फिरतात. झाकण लावण्याआधी हत्यारं मोजा.

नव्या प्लेटा घातल्या असतील तर हे काम एकदाच करून भागत नाही. नवं लायनिंग पहिल्या काही तासांत बसतं आणि खटका भराभर हलका होतो. पहिल्या दिवशी दुपारी बघा, संध्याकाळी बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एकदा बसलं की मग बराच काळ हात लावावा लागत नाही. मात्र जिला पुन्हा लायनिंग चढवली आहे अशी प्लेट आणताना ती सपाट आहे का ते तपासा. बेळगाव-कोल्हापूरकडून लायनिंग चढवून आणण्याचा खर्च परवडतो, पण वाकडी प्लेट नव्या लायनिंगनेही सरळ होत नाही.

चालवून बघा

गिअर न्यूट्रल आहे ना ते पुन्हा बघा (मघाशी आपणच एक गिअर टाकला होता), मग इंजिन चालू करा आणि गरम होऊ द्या. खरी परीक्षा अशी: ब्लेड एखाद्या भक्कम मातीच्या उंचवट्याला टेकवा, पुढे-मागे माणूस नाही याची खात्री करा, सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा, इंजिन अर्ध्या थ्रॉटलला ठेवा आणि लिव्हर झटकन लावा. इंजिन दबून बंद पडायला आलं तर क्लच धरतोय. इंजिन आरामात फिरत राहिलं आणि मशीन जागचं हललं नाही तर घसरतोय. दोन-तीन सेकंदांत निकाल लागतो. त्याहून जास्त वेळ ताणलंत तर परीक्षेतच प्लेट जळेल.

मग अर्धा तास खरं काम करा आणि क्लचच्या घराला हात लावून बघा. कोमट असलं तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर कुठेतरी घसरण चालू आहे, किंवा कॉलर ताणाखाली आहे.

ऑपरेटरलाही दोन शब्द सांगा. हा क्लच अर्धा ठेवून चालवायचा नसतो. टिपर चढावर अर्ध्या क्लचवर धरायची सवय इथे फार महागात पडते. लावा किंवा सोडा, मधे क्षणभरच.

क्लच ब्रेक

क्लच सोडला तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट स्वतःच्या वेगाने काही काळ फिरत राहतो. तो थांबल्याशिवाय गिअर टाकला तर दात लागतात. म्हणून बऱ्याच मशिनांत लिव्हर सुटलेल्या बाजूला पूर्ण टोकापर्यंत ढकलला की एक छोटा ब्रेक शाफ्टला धरतो. हा मुख्य क्लच ॲडजस्ट केल्यानंतरच बघायचा, कारण रिंग फिरवल्याने लिव्हरची जागा बदलते.

लिव्हर टोकापर्यंत ढकलून धरा. शाफ्ट दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेकचं लायनिंग झिजलंय किंवा त्याच्या दांड्याची लांबी कमी पडते. दांडा आट्यांचा असतो. थोडा फिरवा, लॉकनट आवळा. ब्रेक इतका जवळ आणू नका की क्लच सुटायच्या आधीच तो धरायला लागेल. दोन्ही एकमेकांशी भांडतील आणि दोन्ही झिजतील.

तेल कुठून येतं

कोरड्या क्लचच्या घराखालचं ते छोटं भोक रोज सकाळी बघा. ते बंद असेल तर तार घालून उघडा. तिथून तेल ठिबकत असेल तर ते कुठल्यातरी सीलमधून येतंय: इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलेलं तेल काळं असतं, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेलं दाट आणि वेगळ्या वासाचं. बोटावर घेऊन बघा, फरक कळतो. सील बदलल्याशिवाय क्लच ॲडजस्ट करण्यात अर्थ नाही.

तिसरा वाटेकरी म्हणजे ग्रीस. कॉलरला आणि पायलट बेअरिंगला (शाफ्टचं पुढचं टोक धरणाऱ्या) ग्रीस लागतं, पण हेल्परला गन दिली की तो ग्रीस बाहेर येईपर्यंत मारतो. चेसिसच्या पिनांना ते योग्य आहे. इथे जास्तीचं ग्रीस थेट प्लेटांवर जातं. पुस्तिका सांगेल तितकेच झटके, त्याहून एकही नाही.

तेलातल्या क्लचचं तेल मापाच्या काडीवर बघा, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच घाला. नेहमीचं, घरात पडलेलं इंजिन ऑइल चालेल म्हणून ओतू नका. चुकीच्या तेलाने सुद्धा क्लच घसरतो, आणि दाट तेल थंड असताना क्लच सुटत नाही.

मागचे दोन क्लच

आता स्वभाव बदला. स्टिअरिंगचे क्लच, डावा आणि उजवा, स्प्रिंगांनी धरलेले असतात. लिव्हर ओढला की सुटतात. म्हणजे टिपरसारखेच. इथे फ्री प्ले हवाच. लिव्हर ओढायला लागलात की पहिली थोडी हालचाल मोकळी आली पाहिजे, मग वजन लागलं पाहिजे. प्लेटा झिजत गेल्या की हा मोकळा भाग कमी होत जातो; शून्य झाला की स्प्रिंगा पूर्ण दाबू शकत नाहीत आणि त्या बाजूचा क्लच घसरतो. सरळ चालताना मशीन एका बाजूला खेचायला लागलं तर आधी हे तपासा. आणि मोकळा भाग गरजेपेक्षा जास्त असला तर क्लच पूर्ण सुटत नाही, वळायला ब्रेक जोराने दाबावा लागतो आणि ब्रेक बँड उगाच जळतो.

ॲडजस्टमेंट मागच्या झाकणाखाली किंवा लिव्हरच्या दांड्यांवर असते, मशिनाप्रमाणे. दोन्ही बाजूंचा मोकळा भाग सारखा ठेवा आणि क्लच झाल्यावरच ब्रेक ॲडजस्ट करा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही पुन्हा करावे लागतील.

उतारावर एक लक्षात ठेवा, विशेषतः घाटाकडच्या बागायतीत. तीव्र उतारावरून खाली येताना ज्या बाजूचा स्टिअरिंग क्लच सोडाल ती चेन मोकळी होऊन जास्त वेगाने पळते, म्हणजे मशीन उलट बाजूला वळतं. हे माहीत नसलेला ऑपरेटर घाबरून तोच लिव्हर आणखी ओढतो. सपाटीवर शिकवा आणि उतारावर स्वतः बसून दाखवा.

पावसाळ्याआधी

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि किनाऱ्याच्या बाजूला हवेत मीठ. कोरड्या क्लचच्या प्लेटा या चार महिन्यांत गंजून एकमेकींना चिकटतात. म्हणून मशीन उभं करताना मुख्य क्लच सुटलेल्या बाजूला ठेवा. स्टिअरिंगचे लिव्हर मागे ओढून दोरीने बांधा, म्हणजे त्याही प्लेटा सुट्या राहतात. लिव्हर बांधलेले असले तरी ब्रेक काम करतात, पण भरवसा ब्लेडवर आणि ओंडक्यांवर ठेवा. सीटपुढे ताडपत्री घाला, कारण पाणी लिव्हरच्या खाचेतूनच आत जातं. मधे एखाद्या उघडिपीच्या दिवशी इंजिन चालू करून क्लच दहा-बारा वेळा लावा आणि सोडा. पावसाळा सहज पार पडेल.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून मशीन बाहेर काढलं आणि स्टिअरिंगचा लिव्हर ओढूनही चेन सुटेना, तर ताबडतोब झाकण खोलू नका. इंजिन चांगलं गरम करा, मोकळ्या मैदानात खालच्या गिअरला पुढे-मागे चालवा, अडकलेल्या बाजूचा लिव्हर ओढून धरा आणि त्या बाजूचा ब्रेक थोडा थोडा दाबत राहा. गंजाने चिकटलेल्या प्लेटा बऱ्याचदा या धक्क्यांनी सुटतात. काही जुन्या पुस्तिकांत स्टिअरिंगच्या घरात धुण्याचं द्रव घालून प्लेटा धुण्याची पद्धतही दिलेली असते. ती करायची तर पुस्तिकेतल्याप्रमाणे, मोकळ्या हवेत, पेट्रोल न वापरता, आणि घर पूर्ण निथळून सुकल्यावरच मशीन कामाला लावायचं. एवढं करूनही सुटलं नाही तर मागचा भाग खोलायला लागेल, आणि त्या कामाला क्रेन, दोन माणसं आणि तीन-चार कोरडे दिवस हाताशी ठेवा.